एक्केचाळिसावा फटका

३ ऑक्टोबर, सकाळी ६:१०
आजपासून रोजनिशी. कारण साधं आहे, कामाची नोंद हवी. आमच्या कॅलिब्रेशन विभागात नोंद नसलेल्या मोजमापाला गप्पा म्हणतात. बावीस वर्षं मी लोकांची मापं तपासतोय, मायक्रॉनमध्ये. एका वस्तऱ्याला धार लावणं हा माझ्यासाठी हातचा मळ आहे.

वस्तरा बाबांचा. बाबांना जाऊन आज पंचेचाळीस दिवस झाले. धार अजून लागलेली नाही.

मुदत: २ नोव्हेंबर. त्या दिवशी सकाळी आई ताईकडे राहायला जाणार, कायमची. जाताना वस्तरा बरोबर नेते म्हणाली. म्हटलं, धार लावूनच देतो. निघण्याआधी तिच्यासमोर बसून ह्याच वस्तऱ्याने माझी दाढी करून दाखवणार. म्हणजे तिला कळेल. आणि कळलं की कदाचित जाणारही नाही.

काय कळेल ते उद्या लिहितो. बस चुकेल.

४ ऑक्टोबर, सकाळी
काय कळेल ते. बाबांनी अंथरूण धरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, उद्या माझी दाढी तू कर, माझ्या वस्तऱ्याने. त्यांचा उजवा हात गेला होता. आईचे हात कापतात. मी लगेच हो म्हटलं. ते मी कधीच नाकारलेलं नाही.

पण मी पडलो मापातला माणूस. खात्री नसलेलं पातं आजारी माणसाच्या मानेला लावणार कसं? अकरा व्हिडिओ पाहिले. त्यातला सगळ्यांत जाणकार गृहस्थ म्हणतो, आधीच्या धारेवर अजिबात भरवसा ठेवू नका, ती काचेवर ओढून मारून टाका आणि शून्यापासून सुरुवात करा. पटलं. वस्तरा कसल्याशा तेलकट कागदात गुंडाळलेला होता. तो कागद कचऱ्यात टाकला. बाबांच्या उशाशी औषधाच्या पाण्याचा ग्लास होता. तो उपडा केला आणि त्याच्या बुडावरून पातं तीन वेळा ओढलं. बाबा बघत होते. आई शेजारी बसली होती. दोघंही काही बोलले नाहीत. मला वाटलं, शास्त्रशुद्ध काम बघून गप्प झाले.

पुढचं काम दोन दिवसांचं होतं. पण दगड सपाट निघाला नाही. दुसरा मागवला, तो उशिरा आला. मध्ये मला सर्दी झाली. ही म्हणाली, तुमच्या इलेक्ट्रिक शेव्हरने करून टाका ना. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली. बाहेरून न्हावी बोलवायचं निघालं, तर मुलगा करणार आहे म्हणाले. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी बाबा गेले. दाढी तशीच.

आई ह्यावर एक अक्षर बोललेली नाही. मला तेच लागतं. बोलली असती तर तांत्रिक कारणं तरी सांगितली असती.

५ ऑक्टोबर, रविवार
वेळापत्रक केलं. रोज पहाटे ५:२० ते ६:३०, गॅलरीत. दिवसा शक्य नाही, कारण हिला तो आवाज सहन होत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं म्हणते.

पद्धत: ओल्या टॉवेलवर दगड. पातं आडवं. पात्याची धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली, म्हणजे कोन आपोआप राखला जातो. पुढे एक, उलटा, मागे एक. दोनशे वेळा. मग गॅलरीच्या खिळ्याला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर फटके. बाबा रोज चाळीस मारायचे. न चुकता चाळीस. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या मी मोजायचो.

मीही चाळीस मारले. मोठ्याने मोजले.

मग एक्केचाळिसावा आवाज आला. टप्प. माझे दोन्ही हात रिकामे होते.

नंतर विचार केला. पाइप असणार. सकाळी नळाला पाणी येतं, हवा कोंडते, आवाज होतो. आज धार: दहापैकी चार.

६ ऑक्टोबर, सकाळी ६:४५
परत. चाळीस झाले आणि टप्प. आवाज बाथरूमकडून आला. गॅलरीला लागूनच बाथरूमची खिडकी आहे, धुरकट काचेची. घरातून वळसा घालून आत गेलो.

कोणी नाही. पण खिडकीच्या कडेवर बाबांचा पितळी मग. त्यात गरम पाणी, वाफ निघणारं. आणि पाण्यात त्यांचा दाढीचा ब्रश. बाबा अगदी असाच भिजत ठेवायचे. आरशावर वाफ धरलेली.

मी अजिबात घाबरलो नाही. प्रसंगावधान राखून पाणी बेसिनमध्ये ओतलं, ब्रश झटकला, पितळी मग पालथा घातला. मग गॅलरीत येऊन जरा वेळ बसलो. जरा म्हणजे पंचवीस मिनिटं.

७ ऑक्टोबर
हिला आणि कन्येला विचारलं. दोघींपैकी कोणीही मग ठेवलेला नाही. कन्या तर सात वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपते. ही म्हणाली, आईंना विचारा. म्हटलं, वा! ह्या वयात तिला असलं काही सांगून घाबरवायचं? ती तर सहा वाजता भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, मी दारातून पाहिलं आहे.

आईशी हल्ली तसं बोलणं कमीच होतं. ताट वाढलंय, औषध घेतलं, एवढंच. ते काय, कामाचा ताण आहे सगळ्यांनाच.

९ ऑक्टोबर
धारेची परीक्षा केसावर घेतात. हातावरचा केस पात्याने नुसता स्पर्श करताच तुटला पाहिजे. आज डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तपासला. केस तुटतात, पण ओढून. धार: सहा. उत्तम प्रगती.

ऑफिसात बाह्या वर केल्या तर शेजारच्या टेबलावरचा मफलर (त्याला बारा महिने सर्दी, म्हणून हे नाव) खुर्ची दोन फूट मागे घेऊन म्हणाला, डॉक्टरला दाखव, माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं, पसरतं ते. त्याला वस्तऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तो चहा प्यायला गेला.

संकल्प: उजवा हात राखून ठेवायचा.

१२ ऑक्टोबर, रविवार
आठ हजारचा दगड आला. आकडा जितका मोठा तितका दगड मऊ आणि धार तितकी बारीक. आता घरात चार दगड झाले. ओट्यावर जागा नाही म्हणून ही चिडली. टॉवेल काळे झाले म्हणून परत चिडली. कन्येने दगडांना नावं ठेवली आहेत: मोठे काका, मधले काका, धाकटे काका आणि जावईबापू. घरात कोणाला गांभीर्य म्हणून नाही.

पाणी रोज येतंय. रोज ओततोय. पितळी मग कडेला उलटा ठेवतो, दुसऱ्या दिवशी सरळ असतो. मनात आलं, गिझर गळत असेल. पण गळणारा गिझर ब्रश कसा बुडवेल? ह्यावर नंतर विचार करायचा. एका वेळी एकच काम.

१४ ऑक्टोबर
ऑफिसच्या सूक्ष्मदर्शकाखाली पातं बघायचं ठरवलं होतं. गेटवर गार्डने बॅग उघडली. वस्तरा बघून त्याने टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, साहेब, तुम्हीसुद्धा? मी म्हटलं, हे उपकरण आहे. तो म्हणाला, हत्यार आहे. शेवटी तोडगा निघाला. त्याने त्याच्या वहीत नोंद केली: वस्तरा, एक नग. मालकाचं नाव विचारलं. मी वडिलांचं सांगितलं. सही त्यांचीच लागेल म्हणाला. म्हटलं, ते नाहीत. त्याने कंसात मयत लिहिलं, आणि वेळ टाकली ९:०५.

जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कडेला करवतीसारखे दात. म्हणजे अजून काम आहे, मी म्हणतच होतो. मग मुठीकडे सरकवला. पातं जिथे मिटतं त्या खाचेत वाळलेला साबण, आणि त्यात पांढरे बारीक खुंट. बाबांच्या दाढीचे. दोनशे पट मोठे दिसत होते. त्यांनी स्वतः केलेल्या शेवटच्या दाढीचे असणार.

खाच साफ करणं नियमाला धरून झालं असतं. केली नाही. डोळा भिंगाला लावून बसलो होतो. मफलरने खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती.

१८ ऑक्टोबर
बारा हजारचा दगड आणला. हा शेवटचा.

आता लटकत्या केसाची परीक्षा. केस दोन बोटांत धरायचा, खाली सोडायचा, पात्यावर अलगद टेकवायचा. आपोआप तुटला तर धार लागली. माझ्या डोक्यावर केस नाहीत, हातावरचे संपले. हिच्या फणीतला घेतला. तुटला! कन्येचा घेतला, तुटला! मी गॅलरीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग बाबांच्या कंगव्यातला एक घेतला. पांढरा, छोटा. टेकवला. तुटला नाही. पुन्हा टेकवला. पात्यावर आडवा पडून राहिला. सात केस घेतले. एकही तुटला नाही.

परत हिचा घेतला, तुटला. परत बाबांचा. नाही.

कारण उघड आहे, पांढरा केस चिवट असतो. मी ते कुठेतरी वाचलेलं आहे. उद्यापासून रोज चारशे घासायचे.

२१ ऑक्टोबर, सकाळी
सरावासाठी तोंडाला साबण लावला. वस्तऱ्याची बोथट पाठ फिरवून हाताला सवय लावायची, असा बेत. ब्रश बाबांचा, भिजलेला होताच.

गालांवर फेस चढला आणि आरशात बाबा उभे राहिले. माझं कपाळ, माझे कान, बाकी सगळे ते. मान थोडी वर केलेली. त्यांनी विचारलं, झाली का रे?

मी म्हटलं, अजून दोन दिवस, बाबा.

दारात कन्या ब्रशला पेस्ट लावून उभी होती. नेमकी आजच लवकर उठायची होती तिला! ती म्हणाली, बाबा, कुणाशी बोलताय? म्हटलं, फोनवर. फोन तिच्याच हातात होता.

संध्याकाळी ही फार प्रेमाने बोलली. तुम्ही थोडे दिवस रजा घ्या, एखाद्या डॉक्टरांशी नुसतं बोलून या. हिचं प्रेम उतू जायला लागलं की मला धोका कळतो. म्हटलं, मी ठणठणीत आहे. आरशाला वाफ धरते, त्यात चेहरा बदलतो, ह्याला विज्ञान म्हणतात.

मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि तिथेच उभ्या उभ्या रडलो. लिहून ठेवतो, कारण नोंद म्हणजे नोंद. सर्दीही होती.

२४ ऑक्टोबर, सकाळी ६:००
प्रयोग. वीस फटके मारून थांबलो. कान लावून वाट पाहिली. पाच मिनिटं काही नाही. पाइप असता तर एव्हाना वाजला असता.

उरलेले वीस मारले. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

टप्प.

म्हणजे जे काय आहे त्याला मोजता येतं.

धावत गेलो. पितळी मग, वाफ, ब्रश. तरी ओतून टाकलं. आज पहिल्यांदा मोठ्याने बोललो. म्हटलं, बाबा, मी करणार होतो. खरंच करणार होतो. शेजारच्या खोलीत आईची कूस बदलल्याचा आवाज आला. तिची झोपमोड झाली बहुतेक.

२६ ऑक्टोबर, रविवार
व्हर्निअर लावून पात्याची रुंदी मोजली. ऑगस्टमधल्या मापापेक्षा तीन मिलिमीटर कमी. पाठही एका बाजूने सपाट झाली आहे, आणि कडेला मधोमध किंचित पोट आत गेलंय. ह्या मापाला आमच्याकडे नापासाची तांबडी चिठ्ठी लागते.

पण बाबांचा वस्तरा आहे, सोसेल. चिठ्ठी लावली नाही.

आई सामान आवरते आहे. तिची पेटी दारात उघडी पडलेली असते. जाता येता मी बघतो आणि ती बघते. सात दिवस उरले. धार: दहापैकी आठ. नाही, सात. काल आठ होती. घासली की कमी होते आहे हे विचित्र आहे.

संकल्प: उद्यापासून पाचशे.

२९ ऑक्टोबर
दोन गल्ल्या सोडून म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान आहे. बाबा तिथे पेपर वाचायला जाऊन बसायचे. आज अर्धी रजा टाकून गेलो. मदत म्हणून नाही, तज्ज्ञाचं दुसरं मत घ्यावं म्हणून.

त्या माणसाला मायक्रॉन म्हणजे काय ते माहीत नाही. अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

३० ऑक्टोबर
काल अधिक लिहिण्यासारखं होतं.

म्हाताऱ्याने वस्तरा उजेडात धरला. पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. मग म्हणाला, हे कोणी केलं? मी म्हटलं, तेच विचारायला आलोय. वडिलांचा आहे, मुळात बोथट होता.

त्याने चष्मा काढला. म्हणाला, बोथट? अहो, तुमचे वडील जुलैमध्ये आले होते. काठी टेकत. हात जड झाला होता त्यांचा. ह्याच बाकावर दीड तास बसले आणि माझ्याकडून ह्याला धार लावून घेतली. मी चांगली लागली म्हटलं तरी उठेनात, अजून जरा, अजून जरा. मी वैतागलो. म्हटलं, मालक, तुमच्या स्वतःच्या दाढीला एवढी कधी लागली नाही. तर म्हणाले, आता माझी दाढी पोरगा करणार. त्याच्या हाताला सवय नाही. नुसता टेकवला तरी चालला पाहिजे, जोर द्यायची वेळ यायला नको त्याच्यावर.

मग म्हाताऱ्याने स्वतः तेलकट कागदात गुंडाळून दिला होता. कशालाही लावू नका म्हणाला होता, काढायचा आणि थेट गालाला.

तो कागद मी कचऱ्यात टाकला. मग ग्लास उपडा केला.

तीन वेळा ओढलं मी.

म्हातारा विचारत होता, साहेब, पाणी देऊ का? मी पाण्याचा ग्लास घेतला आणि त्याचं बूड बघत बसलो. शेवटी त्यानेच तो हातातून काढून घेतला. वस्तरा ठेवून जा, परवा या, म्हणाला. पातं फार उरलेलं नाही, पण एक-दोन दाढ्या निघतील. मग पुसून ठेवून द्या, परत दगडाला लावू नका. हात जोडले त्याने. वस्तऱ्यासाठी जोडले की मला, कळलं नाही.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी
वस्तरा आणला. म्हाताऱ्याला एक तास दहा मिनिटं लागली. मी बाकावर बसून होतो. मध्ये तो एकदाही बोलला नाही आणि एकदाही मोजलं नाही.

घरी येऊन आईच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती साडीची घडी घालत होती. सगळं सांगून टाकलं. न्हाव्याचं, कागदाचं, ग्लासचं. तांत्रिक कारण एकही दिलं नाही, आठवलंच नाही.

आई म्हणाली, मला माहीत आहे.

म्हणाली, तू ग्लास उपडा केलास तेव्हा मी ओरडणारच होते. ह्यांनी माझा हात दाबला. तू खोलीतून गेल्यावर म्हणाले, राहू दे. त्याला मानेला हात लावायची भीती वाटते. घासू दे त्याला. घासता घासता भीती जाईल. मग रोज पहाटे गॅलरीतून तुझा आवाज यायचा. तो आला की हे हनुवटी जराशी वर करायचे. आज करेल बघ, म्हणायचे. एकोणीस दिवस.

मी उंबऱ्यावरच बसलो. आईने साडी पेटीत ठेवली, दुसरी घेतली.

मी विचारलं, पाणी तू ठेवायचीस? हो म्हणाली. त्रेचाळीस वर्षं ठेवलं, चाळिसावा फटका पडला की हात आपोआप जातो. चाळीस झाले की गरम पाणी तयार हवं, नाहीतर ह्यांचा दिवस वाईट जायचा. सुरुवातीला ह्यांच्यासाठीच ठेवत होते. मग तू एकटाच पहाटे उठून गारठ्यात बसतोस म्हणून तुझ्यासाठी ठेवायला लागले. तू रोज ओतून टाकलंस.

विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू मोजायला बसला असतास, पाणी किती गरम आहे ते.

मग म्हणाली, मी रागावून जात नाही रे. तो आवाज थांबत नाही म्हणून जाते. हे गेले तरी रोज पहाटे मला वाटतं, आज करेल.

मी आईला राहा म्हणालो नाही. म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०
आज दाढी. ठरल्याप्रमाणे, आईसमोर.

५:४० ला पट्ट्यावर फटके मारले. न्हावी म्हणाला होता, दगड नको, पट्टा चालेल. चाळीस. मग टप्प. ह्या वेळी धावलो नाही. सावकाश आत गेलो. आई मग ठेवून तिथेच उभी होती. मी तो मग घेतला. पाणी छान गरम होतं.

ती बाथरूमच्या दारात स्टुलावर बसली. मी फेस केला, लावला. आरशात बाबा आले. काही विचारलं नाही.

उजवा गाल. टेकवला आणि तो आपला आपण खाली आला, नुसत्या वजनाने. जोर लागला नाही. डावा गाल, तसाच. ओठावर, हनुवटीवर. मी हसलो. आईकडे बघितलं, तीही बघत होती. वाटलं, जमलं. आता हा वस्तरा, हा हात, सगळं जमलं.

मग मान राहिली.

मान वर केली. पातं गळ्याजवळ आणलं. आरशात आई दिसत होती. लहान मुलाला भरवताना आया स्वतःचं तोंड उघडतात ना, तशी तिने स्वतःची हनुवटी वर केली होती. तिला पत्ता नव्हता. तिची नजर कुठेतरी माझ्या पलीकडे होती.

मला टेकवता आलं नाही. दोनदा नेलं, दोनदा परत आणलं. तिसऱ्यांदा हात वर गेलाच नाही.

बराच वेळ तसा उभा होतो. फेस वाळला. आई उठली, टॉवेल ओला केला आणि माझी मान पुसली. कापऱ्या हातांनी, पण नीट, कानाच्या मागेपर्यंत. मग वस्तरा माझ्या हातातून घेतला, धुतला, पुसला, मिटला आणि रुमालात बांधून पेटीत ठेवला.

साडेआठला टॅक्सी आली. मी पेटी उचलून ठेवली. खिडकीची काच खाली करून ती म्हणाली, जेवण वेळेवर घे. अजून काहीतरी म्हणणार होती, पण टॅक्सी निघाली.

३ नोव्हेंबर, सकाळी
५:२० ला जाग आली. गॅलरीत गेलो. पट्टा खिळ्याला आहे, वस्तरा नाही. तळहाताने मारले. चाळीस.

थांबलो. बराच वेळ थांबलो. पाइपसुद्धा वाजला नाही.

मग मीच पाणी तापवलं, मगमध्ये ओतलं, ब्रश बुडवला, खिडकीच्या कडेवर ठेवलं. ठेवताना आवाज झाला तसाच, टप्प. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. कन्या उठून आली, मगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीला डोकं टेकवून उभी राहिली. मग तिला शाळेची घाई झाली.

कालपासून मानेवर खुंट तसेच आहेत. ऑफिसला असं जाता येत नाही. कपाटातून इलेक्ट्रिक शेव्हर काढला. डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि मान साफ केली.

दोन मिनिटं लागली.